ट्रॅक्टर आमचा, कुलूप कंपनीचे



तिफणीचा फण वाकला की आपले वाडवडील लोहाराकडे जायचे, दिंड फुटले की सुताराकडे. सुतार दोन दिवस फिरवायचा, बलुत्यावरून कुरकुर करायचा, कधी नेमक्या पेरणीच्या तोंडावर रुसून बसायचा. पण तिफण कुणाच्या मालकीची, हा प्रश्न गावात कधी कुणाला पडला नव्हता. ट्रॅक्टर आला तरी फारसे बदलले नाही. फाट्यावरच्या मिस्त्रीने पाने आणि हातोडी घेऊन पंप उतरवला, नोझल साफ केले, उधारीच्या वहीत आकडा मांडला आणि आपण संध्याकाळच्या आत वावरात.

गेल्या कापसाच्या हंगामात आमच्यातल्या एकाची पिकअप गाडी माल भरून जिनिंगला निघाली. चढावर पिवळा दिवा लागला आणि गाडीने ओढ सोडली. मिस्त्री आला. त्याने एक इंजेक्टर गेल्याचे तासाभरात ओळखले आणि नवा आणून बसवलाही. पण नव्या गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्याच्यावरचा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावा लागतो, आणि या गाडीपुरते ते काम करणारे यंत्र फक्त कंपनीच्या जिल्ह्याच्या वर्कशॉपात. गाडी दोरीने ओढत नेली. दोन दिवस रांग. कापूस ताडपत्रीखाली, भाडे वर, आणि तिसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांचे काम. रोग ओळखणारा वैद्य गावात, औषध त्याच्या हातात, पण ते पाजायची परवानगी दुसऱ्याकडे!

ही परवानगी आभाळातून पडलेली नाही. ती कुठल्यातरी कचेरीत, टेबलाभोवती बसून ठरली आहे. आम्ही आजवर भावाचे गणित कोण ठरवतो ते विचारत आलो, आता दुरुस्तीचे गणित कोण ठरवतो तेही विचारले पाहिजे.

कंपनीचा माणूस म्हणतो, धुराचे नियम कडक झाले, म्हणून कॉम्प्युटर आला. खरे आहे. गाड्यांना एप्रिल २०२० पासून आणि ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे नियम लागू झाले. धूर कमी झाला तर आमच्याच पोरांच्या छातीला बरे. आम्ही नव्या यंत्राच्या विरोधात कधीच नव्हतो, चांगले तंत्रज्ञान अडवणाऱ्यांशी तर भांडत आलो. पण धूर कमी करायला कॉम्प्युटर लागतो म्हणून त्या कॉम्प्युटरची किल्ली एकट्या कंपनीच्या खिशात राहिली पाहिजे, हे कुठून आले?

अमेरिकेतल्या शेतकऱ्याने हा प्रश्न आपल्या आधी विचारला, कारण त्याच्या वावरात ही यंत्रे आपल्या आधी गेली. तिथली सर्वांत मोठी ट्रॅक्टर कंपनी जॉन डिअर. २०१५ साली तिथल्या कॉपीराइट कार्यालयापुढे वाद चालला होता, गाडीच्या मालकाने तिच्यातले सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडावे की नाही. तेव्हा या कंपनीने लेखी भूमिका मांडली : यंत्र शेतकऱ्याचे, पण त्यातल्या सॉफ्टवेअरचा त्याला फक्त वापराचा परवाना, तोही यंत्र चालेल तोवर. जनरल मोटर्स या मोटार कंपनीनेही असाच सूर लावला. म्हणजे लाखो डॉलर मोजून कंबाइन घेणारा माणूस तिचा अर्धवट मालक. काढणीच्या ऐन दिवसांत एखादा सेन्सर रुसला की यंत्र उभे, आणि विक्रेत्याचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत गहू वावरात. २०१७ साली बातम्या आल्या की तिथले काही शेतकरी युक्रेनमधून चोरवाटेने आलेले सॉफ्टवेअर वापरून स्वतःच्याच ट्रॅक्टरचे कुलूप तोडताहेत. स्वतःच्या मालाला स्वतःच्या हाताने हात लावायला चोरवाट!

त्याच युक्रेनची पुढची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी. २०२२ च्या युद्धात रशियन सैन्याने मेलिटोपोल गावच्या विक्रेत्याच्या आवारातून हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर उचलले आणि हजारभर किलोमीटरवर चेचन्यात नेले. तिथे ते सुरू करायला गेले तर यंत्रे मुकी, कारण त्यांना दुरूनच कुलूप घातले गेले होते. चोरांची जिरली म्हणून जगाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या असत्या. पण टाळी वाजवून झाल्यावर मनात येते, जो हात चोराचा ट्रॅक्टर हजार किलोमीटरवरून बंद करू शकतो, त्याला हप्ता थकलेल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बंद करायला काय अवघड? मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, पेरणीला हाताशी चार दिवस, आणि यंत्र मुके. सावकार निदान दारात येऊन बैल सोडायचा, तेव्हा गाव तरी पाहायचे.

तिकडच्या शेतकऱ्यांनी ओरड केली आणि थोडे थोडे पदरात पाडले. २०२३ च्या जानेवारीत जॉन डिअरने तिथल्या फार्म ब्युरो या मोठ्या संघटनेशी करार केला : आम्ही दुरुस्तीची साधने देऊ. बदल्यात संघटनेने काय कबूल केले? तर अशा कायद्यांच्या मागे उभे राहणार नाही! असे करार करणारे पुढारी आपल्याकडेही आपण पाहिले आहेत. पण कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यात लिहिला, आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने कंपनीवर थेट खटला भरला.

आता कुणी म्हणेल, हे साता समुद्रापलीकडचे. तर आपल्या घरची गोष्ट ऐका. २०११ साली होंडासह तीन मोटार कंपन्यांविरुद्ध एका ग्राहकाने भारताच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली, की या कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्याला देत नाहीत. आयोगाने चौकशी वाढवली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये टाटा, मारुती, महिंद्र, टोयोटा अशा १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि यंत्रे बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजेत, असे आदेशात होते. आणखी एक वाक्य होते जे आपल्याला कुणी सांगितले नाही : बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट कंपन्यांनी घालू नये. शोरूममध्ये काय सांगतात, ते तुम्ही ऐकलेच आहे. कंपन्या न्यायाधिकरणात गेल्या, हायकोर्टात गेल्या, दंड तारखांमध्ये अडकला. मिस्त्री होता तिथेच राहिला.

मिस्त्री काही संत नाही, हेही बोलले पाहिजे. डुप्लिकेट भाग ओरिजिनल म्हणून कुणी बसवले आणि कुणाचे इंजिन बसले, हे आपल्या प्रत्येक गावात माहीत आहे. पण वाईट मिस्त्री सोडून आपण दुसऱ्याकडे जाऊ शकतो. तालुक्याला चार मिस्त्री असतात म्हणूनच एकाला भाव आणि काम दोन्ही सांभाळावे लागते. ट्रॅक्टर घेताना दहा कंपन्या आपल्या दारात येतात, सूट देतात, चहा पाजतात. घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीला एकच दार. खुल्या बाजाराच्या गप्पा मारणाऱ्या कंपन्यांनी विक्रीचा बाजार खुला ठेवला आणि दुरुस्तीची लेव्ही लावली. कापूस एकाधिकारात ज्याने आपले चुकारे थकलेले पाहिले आहेत, त्याला एकाच दाराची चव वेगळी सांगायला नको.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारींच्या जोडीला शेतीची यंत्रेही आहेत. डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ निघाले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, आणि फाट्यावर बंद पडलेली गाडी संकेतस्थळाने चालू होत नाही. दोष दाखवणारे यंत्र आणि त्याचे सॉफ्टवेअर वाजवी किमतीत कुणालाही विकत मिळावे, आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय दुरून यंत्र बंद करता येऊ नये, एवढे दोन कलमांत लिहायला कितीसा कागद लागतो?

जिल्हा बैठकीला येताना ट्रॅक्टर, पिकअप, थ्रेशर, जे असेल त्याच्या गेल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीची बिले घेऊन या. किती दिवस यंत्र उभे राहिले आणि ते दिवस पेरणीचे होते की वेचणीचे, ते मागच्या बाजूला लिहा. ज्यांना बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी नाकारली, त्यांनी तो कागद आणावा. तोंडी सांगितले असेल तर तारीख आठवून आणावी. आणि मिस्त्रीलाही सोबत आणा, त्याचे गाऱ्हाणे आपल्यापेक्षा मोठे आहे.