पाण्यापर्यंत जाऊ द्या

फोर्ट वर्थला लेकीकडे गेले की मी वॉटर गार्डन्समध्ये जातेच. नोकरी सगळी पाणीपुरवठा विभागात झाली, त्यामुळे वाहतं पाणी दिसलं की आधी नजर पंप शोधते. टेक्सासमधल्या या शहरात, कन्व्हेन्शन सेंटरलगत 4.3 एकरांवर ही बाग आहे. फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी या वास्तुरचनाकारांनी ती आखली, एमन कार्टर फाउंडेशनने शहराला दिली आणि 1974 मध्ये ती खुली झाली.

सगळा मामला काँक्रीटचा आणि कोनांचा. एका कुंडाभोवती उंच सायप्रस आहेत, भिंतींवरून पाण्याचा पातळ पडदा सरकतो, दुसऱ्यात तुषार. खरी ताकद तिसऱ्यात. चहूबाजूंनी पाणी टप्प्याटप्प्याने 38 फूट खाली धडधडत येतं आणि सुट्या पायऱ्यांवरून आपणही त्याच्यासोबत उतरतो. हाताला कठडा नाही. रस्त्यावरची रहदारी ऐकू येईनाशी होते, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. आपल्या बारवांत उतरताना पाय जसे आपसूक जपून पडतात, तसेच इथेही पडतात.

याच कुंडात जून 2004 मध्ये चौघे बुडाले. त्यांत तीन मुलं होती. तेव्हा तळाशी नऊ फूट पाणी असे. लोकांना खाली बोलावणाऱ्या पायऱ्यांच्या शेवटी एवढी खोली ठेवणं ही आराखड्यातलीच चूक, असं माझं स्पष्ट मत आहे. पडणाऱ्या पाण्याचा जोर आणि आवाज वरच्या उंचीतून येतो, त्यासाठी तळ खोल लागत नाही. 2007 मध्ये कुंड पुन्हा उघडलं, तेव्हा पाणी दोन फुटांवर आणलेलं होतं. पायऱ्या राहिल्या, धबधबा राहिला, आणि माणसं आजही तळापर्यंत जातात.

आपल्याकडे दुर्घटना झाली की जाळी बसते, फाटकाला कुलूप लागतं आणि फाइल बंद होते. मुलं गजांआडून कारंजं बघतात. उन्हाळ्यात तापणाऱ्या शहरांत हे मला फार लागतं. कारंज्याच्या निविदेत रंगीत दिव्यांचा तपशील असतो. तळाची खोली, सक्शन पाइपच्या तोंडावरची जाळी आणि पंप तत्काळ बंद करू शकणारा हजर माणूस, हेही त्यात सक्तीचं करा. मग ते गज काढा.