शेवटचा चेंडू टाकणारा

पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही क्रिकेटवेड्यासमोर ‘शारजा’ एवढा एकच शब्द उच्चारून पाहा. तोंडाजवळ नेलेला चहाचा कप थांबतो आणि एक सुस्कारा बाहेर पडतो. आमच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की दुधाची पिशवी घेऊन घरी निघालेला माणूससुद्धा परत खाली बसतो.

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार. ऑस्ट्रल-आशिया कपची अंतिम लढत. आपल्या ७ बाद २४५ धावा, त्यात गावसकरांच्या ९२. शेवटच्या षटकात पाकिस्तानला ११ हव्या होत्या. होता होता शेवटच्या चेंडूवर ४ उरल्या, आणि गडी एकच शिल्लक. चेतन शर्मा यॉर्कर टाकायला गेला, पडला फुलटॉस. जावेद मियाँदादने तो थेट सीमेपार भिरकावला. मियाँदाद नाबाद ११६ होता, चांगल्या चांगल्यांना त्याने त्या दिवशी झोडपले होते. पण आम्ही बोल लावला तो चेतनला. त्याचे वय तेव्हा अवघे वीस!

परवा कट्ट्यावर मी विचारले, २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, तो चेंडू कोणी टाकला होता? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. अखेर एकाला आठवले, नुवान कुलसेकरा. म्हणजे जिंकलो की मारणारा लक्षात राहतो आणि हरलो की टाकणारा.

अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांचेही असेच आहे. तिथे फटका मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला की होम रन. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांच्यात निर्णायक सामना होता. शेवटच्या डावात डॉजर्स ४-२ असे पुढे. राल्फ ब्रँका चेंडू टाकायला आला आणि त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर बॉबी थॉमसनने होम रन मारला. बेसवर दोन खेळाडू होते, त्यामुळे एका फटक्यात तीन धावा. जायंट्स ५-४ ने विजयी! त्या एका चेंडूचे ओझे ब्रँकाने जन्मभर वाहिले. त्या हंगामात जायंट्सचे लोक दुर्बिणीतून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून पाहत होते, हे २००१ साली जगजाहीर झाले. त्या चेंडूची खूण मात्र आपल्याला मिळाली नव्हती, असे थॉमसनचे म्हणणे. मला मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. हे दोघे पुढे मित्र झाले आणि कितीतरी वर्षे कार्यक्रमांतून शेजारी शेजारी बसून चाहत्यांना सह्या देत राहिले.

हे सगळे आठवायला कारण घडले ते आमच्या घरातच. गेल्या मे महिन्यात गल्लीच्या संघाचा टेनिस बॉलचा अंतिम सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला. चेंडू माझ्या भाच्याच्या हातात होता, आणि बसला षटकार. आठवडाभर पोरे त्याला ‘ए चेतन’ म्हणून हाक मारीत होती. पोरगा मैदानाकडे फिरकेना. ताई काळजीत पडली.

मी त्याला जवळ बसवून पुढची गोष्ट सांगितली. शारजानंतर तीन महिन्यांच्या आत याच चेतनने इंग्लंडमध्ये एजबॅस्टनच्या कसोटीत दहा बळी घेतले. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांच्या दांड्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक! त्याच दिवशी गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले.

भाचा म्हणाला, “मामा, मग हे कोणी सांगत कसं नाही?”

खरेच, कट्ट्यावर आम्ही शारजा शंभरदा खेळलो असू, नागपूर क्वचितच. वाचकहो, तुमच्या कट्ट्यावर हा विषय निघालाच, तर अर्ध्यावर उठू नका. नागपूरपर्यंत जाऊन मगच चहा संपवा. आजूबाजूला एखादा पोरगा कान देऊन ऐकत असतो.