वीज पायाळू माणूस शोधत नाही

पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसावर वीज पडते, हा समज महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अजून टिकून आहे. त्याचा पुरावा म्हणून एकच गोष्ट पुढे केली जाते: झाडाखाली चौघे होते, दगावला एकटाच. घटना खरी असू शकते. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

वळवाच्या उंच ढगात बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. हलके स्फटिक धनभार घेऊन वर जातात, जड गारा ऋणभारासह खालच्या अंगाला राहतात. भार हवेला पेलेनासा झाला की ढगातून एक वाट सुमारे ५० मीटरच्या टप्प्याटप्प्याने, फाटे फोडत खाली उतरते. जमीन काही दशक मीटरवर येईपर्यंत खाली कोण उभे आहे याने तिची दिशा फारशी बदलत नाही. मग झाडाचा शेंडा, खांब, उघड्या रानात उभा माणूस अशा उंच गोष्टींतून विद्युतभाराचे धागे वर झेपावतात. त्यांतला जो आधी भेटेल, तिथे वीज पडते. या भेटीत उंचीला महत्त्व आहे, माणूस जन्माला कसा आला याला अजिबात नाही.

मग चौघांतला एकच का? झाडावर पडलेली वीज खोडावरून उतरताना जवळच्या माणसावर झेप घेते. शिवाय जमिनीत पसरणारा प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. खोडाला टेकलेला किंवा पाय फाकवून उभा असलेला माणूस म्हणून जास्त धोक्यात असतो. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर अधिक. झाडाखाली बांधलेली जनावरे दगावतात ती बहुधा यामुळेच.

या समजाने पायाळू माणसाला विनाकारण दोष लागतो. त्याहून घातक म्हणजे बाकीचे आंब्याखाली निर्धास्त उभे राहतात.

गडगडाट ऐकू आला की वीज पोहोचण्याच्या टप्प्यात आली असे समजावे आणि पक्के घर किंवा काचा लावलेली मोटार गाठावी. मोटारीत वाचवतो तो भोवतीचा पत्रा, टायरचे रबर नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातल्या विजेची सूचना देते. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात भार साठून राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास व नाडी थांबली असल्यास छातीवर दाब देणे तिथेच सुरू करावे आणि १०८ वर कळवावे.