लसणाचा दर्प, डासाचा चावा आणि आपला सल्ला

पावसाळा ओसरू लागला की दिल्ली परिसरात डेंग्यूचा हंगाम भरात येतो. १९९६ च्या साथीत या शहराने दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि ४२३ मृत्यू पाहिले. तेव्हापासून सप्टेंबर-ऑक्टोबर आला की घरोघरी उपायांची चर्चा सुरू होते. आमच्या वसाहतीतील माळीकाका रोज सकाळी लसणाच्या चार कच्च्या पाकळ्या चावून खात. अंगाला असा दर्प सुटतो की डास जवळ फिरकत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. गेल्या हंगामात त्यांनाच डेंग्यू झाला. त्यांच्या खोलीतील कूलरच्या पाण्यात मला एडिस डासाच्या अळ्या वळवळताना दिसल्या. बरे झाल्यावर त्यांनी विचारले, "मॅडम, अंगाला वास तर येत होता, मग डास चावला कसा?"

प्रश्नाचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. अखंड पाकळीला फारसा दर्प नसतो. ती ठेचली वा चावली की पेशी फुटतात, अ‍ॅलिईन हे गंधकयुक्त द्रव्य आणि अ‍ॅलिनेज हे विकर एकत्र येतात व अ‍ॅलिसिन तयार होते. पुढे शरीरात त्यापासून अ‍ॅलिल मिथाइल सल्फाइड हे सहज उडून जाणारे संयुग बनते. ते रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे श्वासात आणि घामावाटे त्वचेवर येते. म्हणूनच दात घासूनही दर्प पुरता जात नाही; तो दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळू शकतो. सफरचंद, पुदिना किंवा दही सोबत घेतल्यास तो उणावतो, असे अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसले आहे. आपण ठेच्यासोबत दही घेतो ते तिखट निववण्यासाठी. दर्पालाही त्याचा उतारा मिळतो.

परंतु माणसाला येणारा वास डासाला परतवून लावेलच, असे नाही. मादी डास आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि घामातील लॅक्टिक आम्ल यांच्या मागावर येते. लसूण खाल्ल्याने यांपैकी काहीही थांबत नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत त्याच व्यक्तींना एकदा लसूण व एकदा लसणासारखा भासणारा निष्क्रिय पदार्थ देऊन एडिस डासांसमोर बसवले. चाव्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दीर्घकाळ लसूण खाल्ल्यास काय होते, हे त्या चाचणीने तपासले नव्हते. तरीही आज या उपायावर विसंबण्यास आधार नाही.

येथे शेतकरी बंधू-भगिनी विचारतील, मग लसूण-मिरची अर्क आपण का फवारतो? फरक मात्रेचा आणि संपर्काचा आहे. फवारलेला अर्क मावा, फुलकिडे यांसारख्या मऊ शरीराच्या किडींवर थेट पडतो, आणि तेथेही त्याचा प्रभाव अल्पकाळ टिकतो. घामातून उतरणारा अंश त्या तुलनेत नगण्य असतो. शिवाय वासानेच सगळे कीटक पळत असते, तर लसणाच्या पिकावर फुलकिडे आलेच नसते. कांद्यावरील माशी तर गंधकाच्या याच जातीच्या वासाचा माग काढत पिकापर्यंत पोहोचते.

माझी चिंता लसणाविषयी नाही. तो अन्न म्हणून अवश्य खावा. चिंता आहे ती त्यातून येणाऱ्या निश्चिंतपणाची. अंगाला दर्प येतो म्हणून माणूस कूलर रिकामा करीत नाही. काही जण ठेचलेला लसूण अंगाला चोळतात. त्याने त्वचा भाजू शकते.

विस्तार कार्यकर्त्यांना म्हणून विनंती आहे की, गावात कोणी हा उपाय सांगितला तर त्याची थट्टा करू नका. दर्पाविषयीचे त्याचे निरीक्षण खरे आहे, हे आधी मान्य करा. मग निष्कर्ष कोठे चुकतो ते समजावा. एडिसला अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा हौद, रांजण, कूलर, जनावरांची पाण्याची भांडी रिकामी करून घासून कोरडी करणे, जुने टायर हटवणे आणि दिवसाही पूर्ण बाह्यांचे कपडे वापरणे, हाच भरवशाचा मार्ग. घासणे महत्त्वाचे, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात.

माळीकाका आजही लसूण खातात. फरक इतकाच की आता दर रविवारी त्यांचा कूलर उन्हात पालथा दिसतो.