चित्रांची आरागिरणी

लकडगंज म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे लाकडांच्या वखारी नि आरागिरण्या उभ्या राहतात. ओंडक्यातून हवी तेवढी फळी कापून घ्यावी आणि ढलपे, भुसा बाजूला सारावा, हा या वस्तीचा जुना धंदा. परवा याच वस्तीतल्या एका लग्नात मी चित्रांची तशीच कापाकापी पाहिली. फरक एवढाच की ही आरागिरणी कादंबरीच्या पुस्तकाएवढी होती आणि एका मुलाच्या दप्तरातून आली होती.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळी स्टुडिओबाहेरचा सोहळा थेट दाखवायचा तर मोटारभर यंत्रे न्यावी लागत. पुढे 2005 साली अमेरिकेतल्या न्यूटेक कंपनीने 'ट्रायकास्टर' काढला आणि तो मोटारभर पसारा एका संगणकाच्या खोक्यात आला. 2019 मध्ये ब्लॅकमॅजिकची 'एटेम मिनी' निघाली नि खोक्याची छोटी पेटी झाली. तिला चार कॅमेरे जोडता येतात. प्रत्येकासाठी एक बटण. जे दाबाल ते तांबडे होते आणि तेच चित्र बाहेर जाते. आवाजाची जुळवणी, चित्रावर नावाची पट्टी, हिरव्या पडद्याच्या जागी दुसरेच दृश्य, सारे तिच्यातच. 2020 च्या 'प्रो' पेटीने तर थेट इंटरनेटवर प्रक्षेपण करण्याची आणि सगळे कॅमेरे एकाच पडद्यावर पाहण्याची सोय केली.

मला कौतुक वाटले ते वेगळ्याच गुणाचे. पूर्वी सगळे कॅमेरे एकाच ठेक्यावर चालवावे लागत; नाहीतर एकावरून दुसऱ्यावर जाताना चित्र उडे. ही पेटी ज्याला त्याला आपल्या चालीने येऊ देते आणि आत घेताना ठेका जुळवून देते. असा तबलजी आमच्या संमेलनांना मिळता तर!

पण कोणते बटण दाबावे, हे पेटी सांगत नाही. त्या लग्नात मंगलाष्टके संपत आली होती. यजमानांपैकी एकाने मुलाच्या कानाशी लागून सांगितले, "पाहुणे आले, त्यांना दाखव." पाहुणे वजनदार होते. मुलाने मान डोलावली. बोट मात्र अंतरपाटावरच्या कॅमेऱ्यावरून हलवले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "सर, पाहुण्याईचं त्या कॅमेऱ्याच्या कार्डात येऊनच राह्यलं. आजोबाले आत्ताच दिसाले पाह्यजे."

नवरीचे आजोबा दोन गल्ल्या पलीकडे अंथरुणाला खिळून मोबाइलवर नातीचे लग्न पाहत होते. 'थेट' म्हटले तरी इंटरनेटवरून चित्र पोहोचायला काही सेकंद लागतातच. इथे अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली आणि जराशाने तिकडे आजोबांनी मोबाइलवर अक्षता टाकल्या, असे मागाहून कळले.

लेखकाला खाडाखोड करता येते, मुद्रिते तपासता येतात. या मुलाला ती सवलत नाही. एकदा गेलेले चित्र परत बोलावता येत नाही, आणि जे गेले नाही ते दूर बसलेल्यापुरते घडलेच नाही. पेटी आता कोणीही विकत घेईल. दिवाळीत घराघरांतून कॅमेरे निघतील, वाचकहो, तेव्हा एवढेच पाहा: बटणावर बोट कोणाचे आहे, आणि त्याला घरी अंथरुणावर कोण पाहत आहे हे ठाऊक आहे की नाही.