कॅमेऱ्याचा खरा हिशेब

निकॉनने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘झेड ९’ जाहीर केला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ५,५०० डॉलर होती, लेन्सविना. या ४५.७ मेगापिक्सेलच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नाहीच, यांत्रिक शटरही नाही. सेकंदाला २० छायाचित्रे निःशब्द टिपता येतात. पक्ष्यांमागे हिंडणाऱ्या हौशी छायाचित्रकारास मोह पडला, तर नवल नव्हे.

अडचण उभी राहते ती घरच्या कपाटापाशी. निकॉनच्या १९५९ पासून चालत आलेल्या एफ माउंटच्या लेन्स या कॅमेऱ्यावर थेट बसत नाहीत. मध्ये कंपनीचा अ‍ॅडॉप्टर लागतो. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स त्यावर आपोआप फोकस साधतात, जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस मात्र हातानेच जुळवावा लागतो. वडिलांच्या काळापासून जमवलेली पुंजी अशी उणी होते. महागडी सीएफएक्स्प्रेस कार्डे आणि १,३४० ग्रॅमचे ओझे वेगळेच.

जमेची एक बाजू आहे. जून २०२३ मध्ये कंपनीने विनामूल्य फर्मवेअर देऊन, प्राणी चौकटीत येताच आपोआप छायाचित्र टिपण्याची सोय आधी विकलेल्या कॅमेऱ्यांतही आणली. विकलेल्या मालाची इतकी काळजी वाहणारे व्यापारी विरळाच! तरीही एएफ-डी लेन्सनी कपाट भरलेल्या गृहस्थाने घाई करू नये.