जुळणी म्हणजे निकाल नव्हे

सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या धोम येथे ऑगस्ट २०१६ मध्ये एका फार्महाऊसच्या आवारात पुरलेले मानवी अवशेष उकरून काढण्यात आले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत मरण पावलेल्या तरुणाचा देह आंबोलीत नेऊन जाळल्याचा आरोप खुद्द पोलिसांवर आला. या दोन घटनांनी सारा महाराष्ट्र हादरला. चेहरा उरलेला नसताना मृताची ओळख कशी पटवावी, हा अशा प्रकरणांतील पहिलाच प्रश्न असतो आणि त्याचे सर्वांत भरवशाचे उत्तर आज डीएनए चाचणी देते.

हाडे आणि दात यांत डीएनए दीर्घकाळ टिकू शकतो. त्याचा आलेख आईवडिलांच्या आलेखाशी ताडून पाहता येतो. परंतु हे अवशेष कोणाचे, एवढेच ही चाचणी सांगते. मृत्यू कसा झाला, केव्हा झाला आणि कोणाच्या हातून झाला, याविषयी ती मौन पाळते. घटनास्थळी सापडलेल्या रक्ताच्या डागाचेही तसेच आहे. डाग अमक्याचा आहे, हे कळते. तो तेथे कधी व कशामुळे पडला, हे इतर पुराव्यांनीच ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पूर्ण आलेख मिळाला, तर तो योगायोगाने एखाद्या परक्या माणसाशी जुळण्याची शक्यता नगण्य असते. मात्र उष्णतेने, ओलाव्याने वा आगीने नमुना खराब झाला, तर आलेख अपुरा मिळतो. समजा, अशा अपुऱ्या आलेखावरून योगायोगाची शक्यता दहा लाखांत एक निघाली. तेव्हा आरोपी निर्दोष असण्याची शक्यताही दहा लाखांत एकच, असे कोणालाही वाटेल. ही समजूत चुकीची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ५८ लाख होती. म्हणजे एवढ्याच प्रदेशात तो आलेख सुमारे सहा जणांशी जुळू शकेल. त्यांतील नेमका कोण, हे अन्य पुरावा नसेल तर अहवाल सांगू शकत नाही. शिवाय सख्ख्या भावांचे आलेख परक्यांपेक्षा एकमेकांशी अधिक मिळतेजुळते असतात, हेही विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट नमुन्याच्या प्रवासाची. तो कोणी घेतला, मोहोर कोणी लावली, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत तो किती दिवस होता, याची नोंद नसेल तर उत्तम प्रयोगशाळाही हतबल ठरते. दिल्लीच्या छावला प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निर्दोष सोडले, त्यामागे डीएनए पुराव्याच्या हाताळणीविषयीची शंका हे एक महत्त्वाचे कारण होते. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेकडे पोचवावा आणि त्याच्या हस्तांतराची नोंद ठेवावी, असे निर्देश याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद केली आहे. परंतु डीएनए तंत्राच्या नियमनासाठी २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. कायद्यातील ही उणीव केवळ निर्देशांनी भरून निघणारी नाही.

या शास्त्राचा इतिहासही हेच शिकवतो. ॲलेक जेफ्रिज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे हे तंत्र शोधले. तेथील ज्या खून प्रकरणात त्याचा प्रथम वापर झाला, त्यात खरा गुन्हेगार सापडण्यापूर्वी, कबुली दिलेला एक तरुण निरपराध ठरला. जुळणीइतकेच न जुळणेही मोलाचे असते, हा त्याचा अर्थ.

डीएनए अहवाल हे तज्ज्ञाचे मत आहे. निर्णय न्यायालयाचा आहे. म्हणून ‘डीएनए जुळला’ हे शब्द वाचताच निकाल लागला असे मानण्यापूर्वी सुजाण नागरिकाने तीन प्रश्न विचारावेत: नेमके काय जुळले, किती जुळले आणि नमुना कोणाकोणाच्या हातून आला? त्यांची उत्तरे चोख मिळाली, तरच मृताला न्याय मिळेल आणि जिवंत निरपराधावर अन्याय होणार नाही.